कोळंबीच्या कंपनीकडे प्रलंबित असलेला माझा अर्ज

अर्जदार: प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, राहणार पूर्वी चिक्कडपल्ली, हल्ली उप्पलच्या पलीकडे, स्वतःच्या घरात.

प्रतिपक्ष: कोळंबीची शेती करणारी एक कंपनी, कचेरी हिमायतनगर, हल्लीचा पत्ता मिळून येत नाही.

साक्षीदार: पहिली, अर्जदाराची पत्नी. दुसरा, पत्नीचा धाकटा भाऊ, जो आरंभी प्रतिपक्षाकडून बोलत असे. तिसरा, जमीन विकणारा वृद्ध पटेल.

काळ: दिल्लीत उद्योगांवरचे परवाने उठल्याची बातमी जुनी झाली होती आणि भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर हा शब्द आला होता, ती दोन-तीन वर्षे.

नावे दिलेली नाहीत, कारण सर्व साक्षीदार हयात असून बहुतेक एकमेकांचे नातेवाईक आहेत.

मजकूर येणेप्रमाणे. सिकंदराबादच्या एका कचेरीबाहेर, भिंतीला लागून टाकलेल्या पत्र्याखाली माझे टेबल असे. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबले, परंतु अर्जलेखन हा विषय शाळेत शिकवीत नाहीत, त्यामुळे माझे त्यात काही नुकसान झाले नाही. निवृत्तिवेतन अडलेले, रेशनकार्डातून नाव गळालेले, बदलीने हैराण झालेले असे लोक माझ्यापुढे बसत आणि रडत. मी त्यांचे रडणे बाजूला काढून त्यातला मुद्दा कागदावर उतरवीत असे. मराठी, उर्दू आणि गरजेपुरती तेलुगू मला लिहिता येते. इंग्रजीत आरंभ आणि शेवट येतो, आणि अर्जात महत्त्वाचे तेवढेच असते.

चिक्कडपल्लीत ज्या घराच्या मागच्या खोल्यांत आम्ही राहत होतो, त्याचे मालक सज्जन गृहस्थ होते. भाडे वाढवायचे असले की ते आधी तब्येत विचारीत. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी तब्येत विचारली, चहा पाजला आणि सांगितले, की घर अपार्टमेंटसाठी बिल्डरला दिले आहे, दसऱ्यापर्यंत खाली करावे, आणि जुने भाडेकरू म्हणून आम्हाला त्याबद्दल काही रक्कम मिळेल. रक्कम मिळाली. तीत पत्नीने शिकवण्या करून साठवलेले पैसे घातले, तर एक गोष्ट होऊ शकत होती. शहराबाहेर जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्यावर दोन खोल्या. हा पैसा हातचा गेला, तर उरलेले आयुष्य दुसऱ्याच्या छताखाली आणि दुसऱ्याच्या मर्जीने काढणे भाग होते. मला हे ठाऊक होते, पत्नीलाही ठाऊक होते. तिच्या भावाला मात्र याहून वेगळे काही ठाऊक होते.

हा माझा मेहुणा एका औषधांच्या कंपनीत हिशेबनीस होता. त्या दिवसांत तो वर्तमानपत्र शेवटच्या, म्हणजे शेअरभावांच्या, पानापासून वाचू लागला होता. एका रविवारी तो आला आणि चपला काढता काढताच म्हणाला,

“भावजी, जमिनीबिमिनीचा विचार सोडा. जमीन घेतली की पैसा तिथंच बसून राहतो. आता बसायचे दिवस नाहीत.”

“मग उभा कुठे करायचा?” मी विचारले.

“पब्लिक इश्यू. नवी कंपनी येतेय. आज फॉर्म भरायचा, शेअर मिळाला की बाजारात दुप्पट. दसऱ्याला तुम्ही प्लॉट नाही, फ्लॅट घेताय. लिफ्टवाला.”

पत्नी पोहे परतत होती. तिने आतूनच विचारले, “ही कंपनी करते काय?”

“कोळंबी. समुद्रकाठी तळी खणतात, त्यात कोळंबी वाढवतात, परदेशी पाठवतात. पैसे डॉलरमध्ये येतात, ताई.”

“आपल्या घरात अंडं उकडत नाही, आणि तू कोळंबी आणतोस?”

“शेअर आणतोय. शेअरला काय वास येतो?”

“अजून तरी आलेला नाही,” ती म्हणाली आणि पोह्यांवर झाकण ठेवले.

माझ्या मनाची अवस्था येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मी लोभाने ओढला गेलो असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. मेहुण्याने जो माहितीचा कागद दाखवला, त्यात एक शब्द होता: भागधारक. वर्षातून एकदा भागधारकांची सभा भरते, तीत संचालक व्यासपीठावर बसतात आणि कोणाही भागधारकाला उभे राहून प्रश्न विचारता येतो, असे त्याने सांगितले. मी आयुष्यभर खालून वर अर्ज लिहिलेला मनुष्य. संचालकांनी खाली बघून मला उत्तर द्यावे, ही कल्पना मला न्याय्य वाटली.

पत्नीने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ती मला बसने उप्पलला आणि तेथून पायी एका मोडलेल्या द्राक्षबागेत घेऊन गेली. मेहुणाही आला, मुख्यतः हसण्यासाठी. वेली काढल्या होत्या, पण त्यांना आधार देणारे सिमेंटचे खांब अजून रांगेने उभे होते, आणि मधल्या तांबड्या मातीत चुना फासलेले दगड रोवून प्लॉट पाडले होते. जवळ वस्ती म्हणून एक विटांची भट्टी आणि एक हनुमान.

“भावजी, इथं घर बांधलंत तर पोस्टमन दोन दिवसांची भाकरी बांधून निघेल,” मेहुणा म्हणाला.

“तुझी पत्रं तरी कुठे येतात?” पत्नी म्हणाली.

बागेचा मालक, एक वृद्ध पटेल, खाटेवर बसला होता. मी अर्जनवीस आहे हे कळल्यावर तो मला पंतुलुगारू, म्हणजे गुरुजी, म्हणू लागला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मी विचारले, जमिनीवर कर्ज किंवा दावा काही आहे का? तो उठला, मला एका दगडापाशी घेऊन गेला आणि काठीने दाखवत म्हणाला,

“देखो साब, ये पत्थर से वो पत्थर तक. बीच में कोई नै. मेरे बाप का था, मेरा है, कागज देख लो, गाँव में जिसको होना उसको पूछ लो.”

“आणि भाव?”

“भाव बीबीजी को बोल दिया.”

म्हणजे पत्नी पूर्वीही येऊन गेली होती. इतकेच नव्हे, तिने स्वतःजवळचे थोडे पैसे देऊन बयाणाही करून टाकला होता. पटेलाने शब्द दिला होता, दसऱ्यापर्यंत हा प्लॉट दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. “उसके बाद मेरे बेटे मेरी नै सुनते,” तो म्हणाला, आणि ते खरे वाटावे असा त्याचा चेहरा होता.

परतताना बसमध्ये मी पत्नीला माझा निर्णय सांगितला: आधी शेअर, मग दसऱ्यापूर्वी त्याच पैशातून प्लॉट, आणि वर जे उरेल त्यातून खोल्या. प्लॉट सोडायचा नव्हता, फक्त पैसा मध्ये एक फेरी मारून येणार होता. ती खिडकीबाहेर पाहत “बरं,” म्हणाली. त्या ‘बरं’चा अर्थ मी त्या वेळी संमती असा घेतला.

फॉर्म भरण्याच्या दिवशी मेहुणा ऑफिसच्या कामासाठी विजयवाड्याला गेलेला होता. तो आदल्या संध्याकाळी फॉर्म देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातपाय धुऊन घरच्या टेबलाशी बसलो आणि फॉर्म वाचला. वाचून मी चकित झालो. इतक्या मोठ्या व्यवहाराचा तो कागद, पण त्यात अर्जदाराला स्वतःची बाजू मांडायला जागाच नव्हती. नाव, पत्ता, रक्कम, सही. अर्जदार कोण आहे, कोणत्या परिस्थितीत आहे, त्यालाच शेअर का मिळावेत, याबद्दल एक ओळ नाही. अशा कागदावर कोणता अधिकारी काय विचार करून निर्णय देणार? माझ्या टेबलावरून कारणाशिवाय अर्ज कधीही गेला नव्हता.

म्हणून मी स्वतंत्र अर्ज लिहिला. “मेहेरबान व्यवस्थापकीय संचालक साहेब यांचे सेवेशी” असा आरंभ करून, घरमालकाने खाली करण्यास सांगितल्याची हकीकत, अर्जदाराचे प्रामाणिक चरित्र, कुटुंबाची गरज आणि कंपनीच्या कोळंबीविषयी शुभेच्छा, हे सर्व दोन पानांत बसवले आणि खाली इंग्रजीतला शेवट जोडला. असा अर्ज जोडला आहे हे साहेबांच्या नजरेतून सुटू नये म्हणून छापील फॉर्मवर लाल शाईने आडवे लिहिले: “सोबतचा अर्ज कृपया आधी वाचावा.” कोर्ट फी तिकिटाशिवाय अर्ज दाखल होत नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. तिकीट माझ्यापाशी होते; डिंक सापडेना, तो पत्नीने आणून दिला. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात काही रिकामे चौकोन होते, तिथे ते नीट बसले. त्यावर मी दोन रेघा मारून ते रद्द केले, म्हणजे कोणी काढून पुन्हा वापरणार नाही.

पत्नी चहा घेऊन आली. तिने सर्व पाहिले.

“कसा झालाय?” मी विचारले.

“तुमच्यासारखा,” ती म्हणाली.

बँकेत त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत होती. खिडकीतल्या गृहस्थाने माझा फॉर्म आणि चेक घेतला, टाचलेला अर्ज पाहून भुवई उंच केली, पण मागून लोक ढकलत होते, म्हणून शिक्का मारून पावती दिली. आमचे छत त्या खिडकीतून आत गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला आठवायला नको आहे, पण हकीकत पूर्ण व्हावी म्हणून सांगतो. प्रथम मेहुण्याला शेअर मिळाल्याचे पत्र आले. तो पेढे घेऊन आला. बाजारात भाव खरोखरच चढला होता आणि त्याच्या खिशाला नवे पेन लागले होते. मला पत्र नव्हते. शेअरही नाहीत आणि पैसेही नाहीत. मी रोज पोस्टमनच्या वेळेस कचेरीतून घरी येऊ लागलो. कंपनीला मी स्मरणपत्र लिहिले, मग दुसरे स्मरणपत्र, मग “खेदपूर्वक कळविण्यात येते” या वाक्याने सुरू होणारे तिसरे. इतरांसाठी मी अशी पत्रे लिहीत होतो तेव्हा ती वाचणारा कोणी असेल याबद्दल मला शंका नसे. आता प्रथमच वाटू लागले, की दुसऱ्या टोकाला नुसती भिंत असावी.

इकडे गणपती बसले आणि उठले. समोरच्या खोल्यांतले भाडेकरू सामान घेऊन गेले. बिल्डरच्या माणसांनी आधी मागची भिंत पाडली, मग नळाचा पाईप दुसरीकडे वळवला. घरमालक आता तब्येत विचारीत नव्हते. पटेलाकडून निरोप आला, की दुसरे गिऱ्हाईक रोख घेऊन आले आहे, मी शब्द पाळतो आहे, तुम्ही दसरा पाळा.

“ताई, भावजींचा फॉर्म कुठंतरी अडकला असेल,” मेहुणा म्हणाला. “लोक इतके तुटून पडले होते. मिळतील. मिळाले की माझ्यापेक्षा जास्त भावाने विकाल.”

“आणि नाही मिळाले तर?”

“तर पैसे परत. कुठं जातात?”

कुठे जातात हे त्यालाही ठाऊक नव्हते, असे मला त्याच्या आवाजावरून वाटले.

नवरात्र लागण्याच्या सुमारास रजिस्टर पाकीट आले. मी सही केली आणि पाकीट पत्नीने उघडले. आत पूर्ण रकमेची रिफंड ऑर्डर होती, आणि एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीत कारणांची यादी होती, त्यातल्या एकापुढे खूण केलेली: फॉर्मवर अनावश्यक मजकूर व खाडाखोड, सबब रद्द.

पत्नी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. मला मात्र प्रथम एकच शब्द दिसत होता. “अनावश्यक?” मी म्हणालो. “माझा मजकूर अनावश्यक?”

“पैसे आले,” ती म्हणाली. “आधी ते बघा.”

“खाडाखोड कुठे आहे? मी आयुष्यात खाडाखोड केलेली नाही.”

“तिकिटावर दोन रेघा मारल्यात ना.”

मग ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “तुम्हाला एक सांगायचं आहे. फॉर्म द्यायला आला तेव्हा माझा भाऊ मला सांगून गेला होता. म्हणाला, फॉर्मवर एक ठिपका जास्त पडला तरी बाद करतात, भावजींना नक्की सांग.”

“मग मला का सांगितलं नाहीस?”

“सांगायलाच आले होते. तुम्ही डिंक शोधत होतात.”

“मग?”

“मग मी डिंक दिला.”

दोन दिवस आमच्यात कामकाजापुरतेच बोलणे झाले. मी तिला म्हणालो, की एका अर्जनवीसाचा अर्ज फेटाळला जावा म्हणून त्याच्याच घरात तजवीज व्हावी, ही गोष्ट गंभीर आहे. ती म्हणाली, “तजवीज तुम्हीच केलीत, मी फक्त अडवलं नाही.” तिसऱ्या दिवशी बँकेत पैसे जमा झाल्याचे कळले आणि मी काउंटरपाशीच उभा राहिलो. छातीवरून कोणी तरी उठून गेल्यासारखे वाटले. तिथून मी घरी न जाता बसने थेट उप्पल गाठले. पटेल खाटेवर होता.

“आ गए, पंतुलुगारू? मैं बोला था बेटों को, वो बीबीजी झूठ नै बोलती.”

त्याचा भरवसा माझ्यावर नव्हे, पत्नीवर होता, हे माझ्या ध्यानात आले.

जमिनीच्या बाबतीत मी कोणावर विसंबलो नाही. मागच्या विक्रीचे दस्त पाहिले, बोजा नसल्याचा दाखला काढला, गावात चार घरी विचारले, रस्ता नकाशात आहे तसाच जागेवर आहे का हे चालून पाहिले. दस्त मी स्वतः लिहिला. त्यातला एक भाग लिहिताना मला या सर्व प्रकरणाचे मर्म कळले असे मी नम्रपणे नमूद करतो. मिळकतीच्या दस्तात चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस पटेलांची शिल्लक जमीन, उत्तरेस अमुक, दक्षिणेस तमुक. कोणतीही वस्तू आपली आहे असे म्हणायचे, तर ती कुठे संपते हे सांगता आले पाहिजे. कोळंबीच्या शेअरची चतुःसीमा मी कितीदा मनात लिहून पाहिली. पूर्वेस समुद्र, एवढेच सुचले.

मेहुण्याच्या बाजूनेही लिहिले पाहिजे. शेअर हे सर्व थोतांड, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी जुन्या कंपन्यांचे शेअर घेऊन मुलीचे लग्न केले, आणि आमच्याच बाजूला दुसऱ्या एका ले-आउटमध्ये एकच प्लॉट दोघांना विकल्याचे प्रकरण माझ्या टेबलावर येऊन गेले. जमीनही फसवते. पण फसवणूक झाली तर कुठे जाऊन उभे राहायचे, हे जमिनीत माहीत असते.

दसऱ्याच्या आधी नोंदणी झाली. दसऱ्याला आम्ही त्या चुना फासलेल्या दगडाला आपट्याची पाने वाहिली. चिक्कडपल्लीचे घर सोडले आणि खोल्या उभ्या होईपर्यंत मेहुण्याकडेच राहिलो. त्याने त्या काळात मला टोमणे मारण्याची एकही संधी सोडली नाही. रोज संध्याकाळी भाव सांगायचा. “भावजी, आज तुमचं अजून इतकं नुकसान झालं.” मी त्याच्या घरात जेवत होतो, म्हणून ऐकून घेतले. वर पत्रे आणि खाली शहाबादी फरशी अशा दोन खोल्या झाल्यावर आम्ही राहायला गेलो. पहिल्याच दिवशी खिळा ठोकताना माझा हात सवयीने थांबला. भाड्याच्या घरात खिळा विचारून ठोकायचा असतो. मग मी ठोकला. मग काही कारण नसताना आणखी एक ठोकला.

कोळंबीला पुढे रोग पडला. तळी ओस पडली असे वर्तमानपत्रात आले. मेहुण्याने भाव सांगणे बंद केले, मग येणेही कमी केले. एका रविवारी तो पायरीवर येऊन बसला. विकायला गेलो तर घेणारा कोणी नाही, म्हणाला. पत्नीने त्याच्यापुढे ताट ठेवले आणि भाजी हवी का एवढेच विचारले, हा तिच्या बाजूने मोठा संयम होता.

“भावजी, तक्रार लिहून द्या ना,” तो म्हणाला.

मी लिहून दिली, घरचा माणूस म्हणून विनामूल्य. ती घेऊन आम्ही दोघे हिमायतनगरला कंपनीच्या कचेरीत गेलो. जिन्यावर पाटीची फक्त चार भोके होती. आत एक गृहस्थ साड्यांना फॉल लावण्याचे दुकान मांडत होते. कोळंबीवाल्यांबद्दल विचारले तर म्हणाले, “वो लोगां चले गए. उनके कागजां पड़े थे, मालिक ने रद्दी में दे दिए.”

मेहुणा जिन्यातच बसला. मग म्हणाला, “भावजी, तुम्ही वाचलात.”

“तूही वाचलास,” मी म्हणालो. “तुझी नोकरी आहे. आणि आमच्या शेजारचा प्लॉट पटेलाने पावसाळ्यापर्यंत रिकामाच ठेवलाय.”

“पोस्टमन येतो का तिकडं?”

“रोज येतो. भाकरी आणत नाही.”

तो हसला. कित्येक महिन्यांत तो प्रथमच हसला असावा. बसमध्ये मीही हसलो, आणि उप्पल येईपर्यंत मला इतके हलके वाटत होते, की तिकीट काढायचे राहिले आहे याची आठवण कंडक्टरला करून द्यावी लागली.

तथापि एक बाब शिल्लक राहते आणि तिच्यामुळे मला अधूनमधून स्वस्थता नसते. कंपनीने माझा छापील फॉर्म रद्द केला, त्याची चिठ्ठी माझ्यापाशी आहे. परंतु त्यासोबत रीतसर तिकीट लावून दिलेल्या माझ्या स्वतंत्र अर्जावर कोणताही निर्णय झालेला नाही. तो मंजूर झाला असे कोणी कळवले नाही, नामंजूर झाला असेही नाही. कायद्याच्या दृष्टीने तो प्रलंबित आहे. पत्नी म्हणते, रद्दीत गेला. माझ्या अनुभवात अर्ज हरवतात तेव्हाच ते मंजूर होऊन परत येतात.

तरी प्रतिपक्ष कंपनीचे संचालक, त्यांचे वारस, किंवा ज्यांच्या हाती तो कागद सध्या असेल असे कोणीही सद्गृहस्थ, यांस नम्र विनंती, की अर्जदाराच्या मूळ अर्जाचा, त्यातील सर्व कारणे विचारात घेऊन, गुणवत्तेवर निकाल द्यावा. तो नामंजूर असाच द्यावा, पुन्हा उघडता येणार नाही अशा शब्दांत द्यावा, आणि अर्जदारास वर दिलेल्या हल्लीच्या पत्त्यावर लेखी कळवावा. अर्जदार आपला कायमचा ऋणी राहील.